काउंटरपर्यंत आलेला दगड

पोलिसांच्या कागदात त्या दिवसाला दंगल म्हटलं आहे. वर्तमानपत्रात 'वीज कार्यालयाची तोडफोड' असा मथळा होता. माझ्या सासरच्या वाडीत मात्र अजूनही त्याला 'हापिसवर गेलेलो तो दिस' म्हणतात. मी त्या दिवशी ऑफिसात, काचेच्या आतल्या बाजूला बसले होते. पहिली फुटली ती काच आणि नंतर माझी भुवई. त्यामुळे दंगलीने काही साधतं का, ती बरोबर की चूक, यावर बोलायचा थोडा हक्क मला आहे असं मी समजते. लोक विचारतातही. बहुतेकांना एका वाक्यात उत्तर हवं असतं. ते माझ्याकडे नाही, म्हणून घडलं ते सांगते.

रत्नागिरीपासून फार लांब नसलेल्या एका बाजारपेठेच्या गावात आमचं उपविभागाचं ऑफिस होतं. तिथे मी कारकून, आणि तक्रारींचा काउंटर माझ्याकडे. माझं लहानपण पोफळीच्या वसाहतीत गेलं. वडील डोंगराच्या पोटातल्या वीजघरात कामाला होते. तिथे लाइट जाणं म्हणजे काहीतरी मोठं बिघडल्याची खूण असायची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा लाइट गेली की लोक हातातलं काम न थांबवता नुसता हात लांब करून काडेपेटी शोधतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्याचा राग यायचा. सासरची माणसं हसायची. त्यात सगळ्यात जास्त हसायची ती काकी.

काकी म्हणजे माझ्या नवऱ्याची चुलती. त्याची आई लवकर गेली, तेव्हा शाळा संपेपर्यंत त्याला जेवू घातलं ते हिने. काका मुंबईत गिरणीत होते, ते वारले. मुलगाही मुंबईतच असतो. काकी वाडीत एकटी. थोडी भातशेती, चार काजू, आणि कोणाचंही ऐकून न घेणारा स्वभाव. दरवर्षी नवा तांदूळ आमच्याकडे पोचवायला स्वतः यायची आणि माझ्या भाकरीला नावं ठेवून जायची.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी चक्रीवादळ आलं. आंब्याची कलमं मुळासकट आडवी झाली, पत्रे उडाले, आणि आमच्या उपविभागात उभे राहिलेले खांब मोजावेत की पडलेले, असं झालं. पहिले दिवस कोणी तक्रार केली नाही. लोक स्वतः कोयते घेऊन तारांवरच्या फांद्या तोडायला येत होते. वायरमनना घरोघरी चहा मिळत होता. मग बाजारपेठेत लाइट आली, मग रस्त्याकडेच्या गावांत आली, आणि वरच्या वाड्या राहिल्या.

काकीची वाडी सड्यावर आहे, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या माळावर. तिथे पाणी येतं ते खालच्या विहिरीवरच्या पंपाने. पंप बंद म्हणजे पाणी बंद. बायका डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन ती घाटी, म्हणजे विहिरीपासूनची उभी चढण, चढत होत्या. मुंबईहून काकीचा मुलगा मला फोन करायचा, कारण आईचा फोन कधीच मेला होता. "वहिनी, आई कशी आहे ते तरी कळव," म्हणायचा. मी वीज ऑफिसातली, आणि माझ्याच काकीच्या घरात वीज नाही, हे तो बोलून दाखवत नसे.

वाडीतली माणसं पहिल्यांदा आली ती अर्ज घेऊन. मीच तो घेतला, त्यावर शिक्का मारला. दुसऱ्यांदा सरपंचाला घेऊन आली. साहेब त्यांना भेटले आणि "दोन दिवसांत" म्हणाले. दोन दिवस गेले, आणखी दोन गेले. तिसऱ्यांदा नुसत्या बायका आल्या, रिकामे हंडे घेऊन, आणि व्हरांड्यात बसल्या. ओरडल्या नाहीत. बाजारपेठेतली लाइट मधेमधे जायची, पण ऑफिसात जनरेटर होता. आमच्या डोक्यावर पंखे फिरत होते आणि काचेपलीकडे त्या पदराने वारा घेत होत्या. साहेब मागच्या दाराने जीपमध्ये बसून निघून गेले. ते गेल्याचं सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी बाहेर जाऊन सांगितलं, "साहेब फील्डवर गेलेत. उद्या या."

काकी पुढेच बसली होती. ती म्हणाली, "मग तू आत काय करतंस गो?"

मी आत जाऊन काउंटरवर बसले.

साहेबांबद्दल सांगायला हवं. ते वाईट नव्हते. त्या दिवसांत ते खुर्चीतच झोपत, डोळे लाल असत. पण त्यांना भीती होती ती फक्त वरच्यांची. व्हरांड्यात बसलेल्या बायकांची त्यांना भीती नव्हती, म्हणून त्या दिसतही नव्हत्या. मी केबिनमध्ये सही घ्यायला गेले होते तेव्हा त्यांना फोन आला आणि बोलता बोलता ते उभे राहिले. समुद्राकाठी आरे-वारेकडच्या रस्त्यावर नवं रिसॉर्ट झालं होतं, तिथे कोणाच्या तरी घरचं लग्न होतं. "हो सर, आज संध्याकाळपर्यंत करून देतो. गँग तिकडेच वळवतो," असं ते म्हणाले. गँग म्हणजे खांब उभे करून तारा ओढणाऱ्या कामगारांची टोळी. मी समोर उभी होते. मला सही मिळाली आणि मी बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतली माणसं चौथ्यांदा ऑफिसकडे यायला निघाली. या वेळी बाप्येही, म्हणजे पुरुषमाणसंही, होते. रस्त्यात त्यांना आमचा खांब भरलेला ट्रक दिसला, गँगसकट, समुद्राच्या दिशेला जाताना. कोणीतरी हात करून विचारलं, कुठे? ट्रकवरच्या माणसाने खरं ते सांगितलं. त्याला लपवायचं काही कारण नव्हतं.

ती माणसं आवारात शिरली तेव्हाच त्यांची चाल वेगळी होती. तरी त्यांनी आधी विचारलं, हे मला सांगायचं आहे. सरपंचाने विचारलं, मग दोन म्हाताऱ्यांनी विचारलं. साहेब खिडकीत आले, म्हणाले, "उद्या नक्की." आणि खिडकी लावून घेतली.

मग कोणीतरी हंडा फरशीवर आपटला. त्या आवाजाने सगळंच सुटलं. खुर्च्या फेकल्या गेल्या, कुंड्या फुटल्या. मी जागची उठले नाही, उठायला हवं हे सुचलंच नाही. काचेपलीकडे काकी दिसली. तिने बागेच्या कडेचा जांभ्याचा तुकडा उचलला होता. तिची नजर माझ्यावर नव्हती, वर, छताकडे होती. तिने तो दगड दोन्ही हातांनी मारला. काच फुटली, आणि दगडाचा की काचेचा ते माहीत नाही, पण एक तुकडा माझ्या भुवईवर बसला. डोळ्यात रक्त आलं.

क्षणभर सगळे थांबले. बायका मागे सरल्या. दोघीतिघी आत येऊन माझ्या कपाळावर पदर दाबायला लागल्या. तिथेच ते संपलं असतं तर मी आज वेगळं बोलले असते. पण इतका वेळ मागे उभे असलेले बाप्ये आवाराच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे टेम्पोत एक ट्रान्सफॉर्मर चढवून ठेवला होता. त्यांनी तो खाली ओढला, वरचे चिनीमातीचे भाग दगडाने फोडले, तेल मातीत गेलं. आमचा एक वायरमन पहाटे खांबावरून उतरून व्हरांड्याच्या कोपऱ्यात झोपला होता, तो धावत त्यांच्या आडवा गेला. त्याला त्यांनी ढकललं, शर्ट फाडला, थोबाडीत मारली. त्याने त्या दोन आठवड्यांत घर पाहिलं नव्हतं. दगडाचं मी समजू शकते. त्या थपडेचं आजही समजू शकत नाही आणि समजून घ्यायची माझी इच्छाही नाही.

ह्या सगळ्याचं कोणी चित्रीकरण केलं नाही. वाडीतल्या एकाच्याही मोबाइलला चार्जिंग नव्हतं.

त्याचा परिणाम असा झाला. त्याच दिवशी तहसीलदार आले. रत्नागिरीहून मोठे साहेब आले. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या जिल्ह्यातल्या दोन गँग आल्या आणि काकीच्या वाडीत संध्याकाळी लाइट आली. जे अर्जाने, सरपंचाने आणि व्हरांड्यात बसून झालं नव्हतं, ते एका सकाळच्या तोडफोडीने झालं. हे मला आवडो न आवडो, झालं. ज्यांना हे नाकारायचं असेल त्यांनी खुशाल नाकारावं. मी काउंटरवर होते.

मला टाके पडले. नवरा मला दवाखान्यातून थेट पोलीस ठाण्यात घेऊन गेला, कारण साहेबांनी तसं सांगितलं होतं. फौजदार तरुण होते, अदबीने बोलत होते.

"मॅडम, दगड कोणी मारला ते पाहिलंत?"

"पाहिलं."

त्यांनी पेन उचललं. "नाव?"

"नाव सांगणार नाही."

"म्हणजे ओळखलं नाही?"

"ओळखलं. सांगणार नाही."

त्यांना वाटलं मी घाबरले आहे. म्हणाले, "तुम्हाला कोणी त्रास देणार नाही, ती जबाबदारी आमची."

"मी घाबरलेली नाही. दगडाच्या आधीचं सांगते, ते आधी लिहून घ्या." मग मी त्यांना अर्जापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. शिक्का, दोन दिवसांत, व्हरांडा, मागचं दार, फोन, ट्रक.

त्यांनी ऐकून घेतलं, पण लिहिलं नाही. "हा आमचा विषय नाही. हा तुमच्या खात्याचा प्रश्न झाला."

"मग दगडही आमच्या खात्याचाच. आम्हीच मागवलेला."

ते थोडे हसले आणि लिहायला लागले. मी वाचलं, 'साक्षीदार आरोपीस ओळखण्यास असमर्थ.' मी म्हटलं, "हे खोडा. असमर्थ नाही. नकार दिला असं लिहा."

"त्यात तुम्हीच अडचणीत याल."

"येईन."

त्यांनी तसं लिहिलं. मी सही केली.

बाहेर स्कूटरजवळ नवऱ्याने विचारलं, "कोण होतं?" मी सांगितलं.

"काकी?" तो म्हणाला. "डोळा गेला असता तुझा."

"गेला असता."

"आणि तू नाव घेत नाहीस. माझी काकी म्हणून लपवत असशील तर माझ्यासाठी लपवू नकोस."

"दुसरी कोणी असती तरी सांगितलं नसतं."

त्याला ते पटलं नाही. मीही त्याला पटवून देऊ शकले नाही. मला एवढंच वाटत होतं की तीन वेळा हात जोडून आलेल्या माणसांना परत पाठवणं हा गुन्हा नसेल आणि चौथ्या वेळचा दगड तेवढा गुन्हा असेल, तर असल्या हिशेबात मी माझं रक्त घालणार नाही. नवऱ्याने काकीशी बोलणं टाकलं. पुढे कितीतरी महिने तो वाडीवर गेला नाही.

ऑफिसात काळ्या फिती लावायचं ठरलं. मीही लावली, त्या वायरमनसाठी. गेटवर सभा झाली. काउंटरला लोखंडी जाळी बसवा, अशी मागणी आली. मी हात वर केला आणि म्हटलं, "जाळी हवीच. त्याखाली दुसरी मागणी लिहा. लोक आले की साहेबांनी पुढच्या दाराने बाहेर यावं. दगड येतो तो काउंटरपर्यंत, केबिनपर्यंत पोचत नाही. म्हणून केबिनवाल्यांना तो कधी कळत नाही." कोणीतरी हळूच म्हणालं, "मॅडमच्या डोक्याला मार लागलाय." ती मागणी लिहिली गेली नाही.

काउंटरच्या काचेच्या जागी प्लायवूड ठोकलं होतं, त्याला मधे खिडकीएवढं भोक. त्या भोकातून एके दिवशी माझा टेलर डोकावला, दोघांनी बगलेत धरून उभा केलेला. तो खाडीपलीकडच्या वाडीतला. पंधरा-वीस घरांची वाडी, तिला कोणी पुढारी नाही. ह्या टेलरचे दोन्ही पाय पोलिओने गेलेले. पायमशीन त्याला चालवता येत नाही. मोटर लावलेल्या मशीनवर तो शिवतो, हाताने कळ दाबून. माझे सगळे ब्लाउज त्याने शिवलेले.

"वहिनी, आमचा ट्रान्सफॉर्मर कधी येणार?" त्याने विचारलं.

मी नोंदी पाहिल्या. आवारात फोडला तो ट्रान्सफॉर्मर त्यांच्या वाडीचा होता. त्याच दिवशी दुपारी तो खाडीपलीकडे जायचा होता. आता दुसरा केव्हा येईल, कोणालाच माहीत नव्हतं. मी त्याला ते सांगितलं. खोटं सांगता आलं असतं.

तो चिडला नाही. म्हणाला, "त्यांनी फोडलं, त्यांना मिळालं. आम्ही गप बसलो, आमचं फुटलं. पुढच्या वेळेला आम्ही काय करायचं ते सांगा तेवढं." आणि उत्तरासाठी थांबला. खरंच थांबला. मागे माणसं उभी होती.

त्याच आठवड्यात पोलिसांनी पाच जणांना पकडलं. त्यातले दोघे त्या दिवशी तिथे नव्हतेच. एक तर लांज्याला काजूच्या गोणी उतरवत होता. पण दुसऱ्या भेटीच्या वेळी तो साहेबांशी मोठ्या आवाजात बोलला होता आणि साहेबांच्या लक्षात राहिला होता. मी नाव सांगितलं नाही म्हणून कोणी सुटलं नव्हतं. ती जागा दुसऱ्याने भरली होती, एवढंच.

रविवारी मी एकटी वाडीवर गेले. काकी ओटीवर बसून फणसाचे गरे काढत होती, हातांना तेल लावलेलं. तिने माझ्या भुवईकडे पाहिलं, मग परत फणसाकडे.

"तुला लागावा म्हनून न्हाय मारला," ती म्हणाली. "काचंला मारला. आत पंखा फिरत व्हता. घाटी चढून चढून माजी मान मोडली आनि तो पंखा आपला फिरतोय. मला दुसरा कायच दिसला न्हाय."

"मला माहीत आहे."

"मग पोलिसांस्नी का न्हाय सांगितलंस?"

"तुम्हाला वाचवायला नाही सांगितलं असं समजू नका."

ती गरे काढत राहिली. मग मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी त्या पकडलेल्या दोघांची. ती तिला माहीत होती, तोंड कडू करून ऐकली. मग ट्रान्सफॉर्मरची. ती माहीत नव्हती.

"तो आमचा न्हवता?"

"नाही. खाडीपलीकडचा. तिथे अजून अंधार आहे. तुमच्या घरात जो दिवा लागलाय तो त्यांच्या अंधारातून आलाय, काकी."

"तो मी न्हाय फोडला."

"काच तुम्ही फोडलीत. त्यानंतर कोण काय फोडणार हे तुमच्या हातात राहिलं नाही."

ती उठली, हात पुसले, आत गेली. मला वाटलं रागावली. चहा घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर कप ठेवला आणि म्हणाली, "दगड मारल्याचा मला काय वाटत न्हाय. तू कितीबी सांग. पानी आला, तो दगडानंच आला. पन त्या टेलराचा वाईट झाला." मग म्हणाली, "आनि माज्या दगडासाठी दुसऱ्याची पोरा आत बसली, ह्यो न्हाय चालायचा."

सोमवारी ती पहिल्या गाडीने पोलीस ठाण्यात गेली. मला न सांगता. फौजदारांनीच मला नंतर सांगितलं. ती त्यांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "काच मी फोडली. सुनंच्या डोक्याला लागला तो दगड माजा. ते दोन पोर तिथं न्हवते, त्यांस्नी सोडा." त्यांनी तिला घरी जा म्हणून समजावलं. ती बाकावर बसून राहिली. शेवटी त्यांना तिचं नाव घालावं लागलं. दोघांना सोडायला आणखी काही दिवस गेले, पण सोडलं.

खाडीपलीकडे जाऊन त्या माणसांना बरोबर घ्यायची कल्पना काकीचीच. एका संध्याकाळी तिने फोनवर निरोप पाठवला, आम्ही त्या वाडीबरोबर हापिसवर येणार, कधी येऊ? मी कळवलं, या वेळी व्हरांड्यात बसू नका. केबिन मागे आहे, दार डाव्या हाताला. हातात काही आणू नका. हंडे आणा हवे तर.

मी त्या दिवसाची रजा टाकली. एव्हाना पाऊस लागून पऱ्ये, म्हणजे डोंगरातले ओढे, वाहायला लागले होते, काकीच्या वाडीला पाण्याची ददात उरली नव्हती. तरी सड्यावरच्या बायका हंडे घेऊन आल्या. खाडीपलीकडची माणसं आली. टेलर रिक्षाने आला, त्याला दोघांनी उचलून आत नेलं. आम्ही सगळे केबिनमध्ये शिरलो आणि साहेबांच्या टेबलाभोवती खाली फरशीवर बसलो. मीही बसले. साहेब मला पाहून म्हणाले, "तुम्ही? तुम्ही कर्मचारी आहात."

"आज रजेवर आहे."

"ह्याचा परिणाम काय होतो माहीत आहे ना?"

"माहीत आहे. ट्रान्सफॉर्मर कधी येणार?"

कोणी घोषणा दिली नाही. कोणी आवाज चढवला नाही. पण साहेबांना उठून जाता येत नव्हतं, कारण दारापर्यंत माणसं बसली होती, आणि माणसांवर पाय देऊन जायची त्यांची तयारी नव्हती. पोलीस आले. तेच फौजदार. "उठा," ते म्हणाले. काकी म्हणाली, "उचला." त्यांनी एकदा टेलरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाहेर जाऊन फोन लावला. दुपारी रत्नागिरीचे मोठे साहेब आले. कुठल्याशा स्टोअरमध्ये एक ट्रान्सफॉर्मर असल्याचं तेव्हा अचानक सगळ्यांना आठवलं. काही दिवसांत तो खाडीपलीकडे बसला.

हे ऐकून लोकांना बरं वाटतं. बघा, म्हणतात, दगडाशिवायही झालं ना. त्यांना मी सांगते की इतकं सोपं करू नका. त्या दिवशी आम्ही काहीच फोडलं नाही, पण त्या खोलीत बसलेल्यांपैकी काहींनी आधी फोडलं होतं आणि ते साहेबांना पक्कं ठाऊक होतं. आम्ही शांत बसलो होतो म्हणून ते ऐकत होते, की आम्ही पुन्हा उठू म्हणून, हे मला ठरवता आलेलं नाही. काकीने दगड मारला नसता तर केबिनमध्ये आम्हाला कोणी विचारलं असतं का? बहुधा पुन्हा 'उद्या या' मिळालं असतं. आणि तिने तो मारला म्हणून वायरमनने थप्पड खाल्ली, टेलरचं मशीन बंद पडलं, दोन निरपराध आत गेले. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही. जे म्हणतात दंगलीने काहीच मिळत नाही, त्यांनी बहुधा कधी अर्ज घेऊन रांगेत उभं राहून पाहिलेलं नसतं. जे म्हणतात दंगल हाच मार्ग, त्यांनी बहुधा कधी फुटलेल्या काचेच्या आत बसून पाहिलेलं नसतं.

मला मेमो मिळाला, मग बदली. लांज्याला. कारण लिहिलं होतं, 'प्रशासकीय सोय'. मी उत्तरात माफी मागावी अशी सूचना होती. मी लिहिलं, मी रजेवर होते आणि एका सरकारी खोलीत फरशीवर बसले होते, याबद्दल मला खेद नाही. तो वायरमन मला निरोप द्यायला बस स्टँडवर आला. म्हणाला, "मॅडम, तुमचं मला पटलेलं नाही. मला मारणाऱ्यांचं नाव तुम्हाला माहीत असणार." मी म्हटलं, "ती तोंडं मी पाहिली नाहीत, डोळ्यात रक्त होतं. पाहिली असती तर ती मात्र सांगितली असती." हे खरं होतं. त्याने मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही.

खटला रत्नागिरीच्या कोर्टात चालू आहे. तारखा पडत राहतात. काकी प्रत्येक तारखेला येते, इस्त्रीचं लुगडं नेसून, चेहऱ्यावर जरादेखील लाज नाही. मला साक्षीला बोलावणं आलं तेव्हा एका वकिलांनी बाजूला घेऊन सांगितलं, "आठवत नाही म्हणा. सगळेच सुटतील, तुम्हीही सुटाल." मी त्यांना सांगितलं की मला सगळं आठवतं आणि मी सगळं सांगणार आहे, कोणी मधेच थांबवलं तरी.

त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते. पुढची तारीख मिळाली. काकी पायऱ्या उतरताना म्हणाली, "तुजा नवरा येनार हाय का यंदा, तांदूळ न्यायला?"

"विचारते."

"विचारू नको. मीच घेऊन येतंय. बघू कसा न्हाय जेवत."

आम्ही स्टँडपर्यंत चालत गेलो. तिची गाडी लागलेली होती. लावणीला माणसं बोलावली होती, तिला घाई होती. ती चढली, खिडकीशी बसली आणि कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालायला लागली. मी लांज्याच्या गाडीची वाट बघत उभी राहिले.